केसभर

स्कॅनरवर रीळ चढवलं तेव्हा नियम एकच होता:
मूळ चित्राच्या केसालाही धक्का लागता कामा नये.
धूळ काढायची, बुरशी काढायची, ओरखडे भरायचे.
तिबिलिसीच्या तळघरात, नदीच्या ओलीत
तेहतीस वर्षं पडून राहिलेला चित्रपट,
मी त्याला सहा महिने आंघोळ घालत होते.

चौथ्या रिळात, नायिका स्टेशनच्या खिडकीशी
वळून बघते आणि मग सांधा येतो,
तिथं एका चौकटीपुरती काळी रेघ.
मोठं करून पाहिलं. रेघ नव्हती, केस होता.
बाईचा. लांब. टोकाकडं किंचित वळलेला.
दोन तुकड्यांच्या मधे, डिंकात चिणलेला.

श्रेयनामावलीत शेवटून तिसरी ओळ:
निगेटिव्ह जोडणी – ल. मचेद्लिश्विली.
आमच्या जॉर्जियन भाषेत 'तो' आणि 'ती' एकाच शब्दात राहतात,
घर मात्र त्याच्या नावावर असतं.
दिग्दर्शक कुठंतरी म्हणाला, हात भारी होता,
परदेशातल्या पत्रकानं छापलं, 'त्याचा' हात.
मचेदली म्हणजे लोहार, श्विली म्हणजे लेकरू.
लोहाराचं लेकरू.
मुलगा असं कुठंही म्हटलेलं नाही.

स्टुडिओच्या कुलूपबंद खोलीत तिची वही निघाली.
जांभळी पेन्सिल. रिळांचे आकडे,
'हातमोजे संपले, पुन्हा कळवले',
'मुलीला ताप, दुपारी गेले',
आणि एका मंगळवारी, उतरत जाणाऱ्या अक्षरात:
'खिडकीशी पाच चौकटी ठेव म्हणाले.
अकरा ठेवल्या. त्यांना कळलं नाही.'

त्या अकरांवर लोकांनी प्रबंध लिहिलेत.
आमचे प्राध्यापक फळ्यावर लिहायचे, 'दिग्दर्शकाचं मौन',
आणि खाली दोन रेघा ओढायचे.
आम्ही रेघांसकट उतरवून घ्यायचो.

ती ग्ल्दानीत राहते, नवव्या मजल्यावर. सत्त्याऐंशी वर्षांची.
लिफ्टला नाणं लागतं, माझ्याकडं नव्हतं.
धापा टाकत पोचले तर म्हणाली, आधी पाणी पी.
मग ब्रेडची सुरी टेबलावर आडवी धरून दाखवलं:
उचलली जीभ, लावली फिल्मला,
ओली झाली की पात्यानं खरवडायचं, श्वास धरून.
'निगेटिव्ह एकच असतं, पोरी.
बाहेर ते सगळे चुकायचे आणि म्हणायचे, पुन्हा घ्या.
माझ्या खोलीत 'पुन्हा' नव्हतं.'

मी फोनवर तिला केसाचं चित्र दाखवलं.
वाक्यं तयार होती माझी,
ही तुमची सही आहे, असलं काहीतरी;
ती रडेल असंही वाटलं होतं.
तिनं चष्मा वर केला, खाली केला.
मानेपासून कानापर्यंत लाल झाली.
'अगं बाई, हे अजून आहे तिथं?
रुमाल घट्ट बांधायचे गं मी.
वीज गेली होती त्या दिवशी, मेणबत्ती…
नाही, मेणबत्ती कशी असेल, फिल्म पेटली असती.
काही का असेना. काढ तो.
कचरा आहे. महिन्याचा पगार गेला असता माझा.'

निघताना तिनं माझं मनगट धरलं,
फिल्म धरतात तसं, फक्त कडांना.
'त्या अकरांना हात लावशील तर याद राख.'

मी केस काढला.
नोंदवहीत लिहिलं: दोष, केस. दुरुस्त.
जुन्या नामावलीला हात लावता येत नाही;
आमच्या नव्या पाटीवर मात्र नाव पूर्ण घातलं, लमारा,
आणि 'ल'नंतरचं टिंब
मी धुळीत धरलं.

पहिल्या खेळाला ती आली नाही. गुडघे.
अंधारात मी बोटांवर मोजत होते,
अर्ध्या सेकंदाहून कमी असतं ते सगळं.
नायिका वळली.
माझ्या मागं कुणाचं तरी
सूर्यफुलाच्या बिया फोडणं थांबलं.
पाच झाल्या.
ती अजून बघत होती.