एक्केचाळिसावी ओळ

हर्णै बंदरावर पाचचा लिलाव
आणि सोसायटीच्या नव्या फलकावर
चार होड्यांपुढे एकच मासळी: अनडिफाइंड.
वजन अनडिफाइंड, भाव अनडिफाइंड रुपये किलो.
बैलगाडीच्या चाकाआडून कुणी बाई ओरडली,
"मला दे रे दोन किलो, कालवणाला."
सगळी हसली. मीही हसलो, घाम पुसत.

बर्फाच्या कारखान्यावरच्या खोलीत
लॅपटॉप उघडला. खालून यंत्राची घरघर,
लादी फुटल्याचा आवाज, तळपायांना गारवा.
पहिल्या ओळीपासून उतरत गेलो
दर दोन ओळींनी कन्सोलला विचारत:
इथे आहे? आहे. इथे? आहे.
तांडेल खोली मापायला शिसं सोडतो तसा,
वाव वाव दोर देत.
एक्केचाळिसाव्या ओळीवर दोर सैल पडला.

वजन.
मी लिहिलं होतं व्ही घालून.
काट्याशी बसून मोबाइलवर नोंदी करणाऱ्या
रझाक मुकादमच्या शाळेत ते डब्ल्यूने लिहीत.
आमच्या दोघांच्या तोंडात ‘व’ एकच.
यंत्राला मात्र त्या नावाचं कुणी ठाऊकच नव्हतं,
आणि ते खोटं बोललं नाही.

एक अक्षर बदललं. तीन होड्या भरल्या:
बांगडा, म्हाकूल, सौंदाळे.
चौथी तशीच. ‘जलकन्या’.
तिची नोंदच नव्हती, कुठल्याच स्पेलिंगने.

यावर सोपा उपाय असतो:
नसेल तर शून्य. अर्धी ओळ.
लिहून झाली होती, तेवढ्यात
यमुना चोगले जिना चढून आली,
मनगटापर्यंत खवले. तिचा दीर त्या होडीवर.
"शून्य नको लिवूस.
शून्य म्हंजे आली, आन् रिकामी आली.
ती अजून यायची हाय."

हा फरक मी पुस्तकात दोनदा वाचलेला.
पुण्यातल्या मुलाखतीत घडाघडा सांगितलेला,
थंडगार खोलीत, नोकरीसाठी.

शून्य खोडलं.
अवतरणचिन्हांत तिचेच शब्द घातले,
‘हाय’चं ‘आहे’ केलं,
मग परत ‘हाय’ केलं.

खाली टोपल्या धुवायला लागल्या होत्या.
सुवर्णदुर्गाच्या तटावर थोडंसं ऊन उरलं होतं.
ती बसली नाही. खिडकीशी उभी राहून
पडद्याकडे न बघता म्हणाली,
"किती वेळानं विचारतं रं ते पुन्यांदा?"
"दर तीस सेकंदांनी."
"मग बरं," ती म्हणाली.
"माझंबी तसंच."