गाव सुटणे : भाषांतर करा

खानापुरात, कौलांच्या वखारीवरच्या माडीत
संध्याकाळी सहा ते सात माझा क्लास.
फळ्याची डावी कड कायम ओली,
भिंतीपलीकडं कुणाची तरी मोरी आहे.

आज ऑफ आणि आउट.
बसमधून उतरलात तर गेट ऑफ,
मोटारीतून उतरलात तर गेट आउट.
'दोन्हीकडं उतरायचंच की वो, मॅडम,' महांतेश म्हणतो,
'मग दोन शब्द कशाला पोसायचे?'
मी सांगते, ज्यात ताठ उभं राहता येतं, त्यावरून ऑफ.
ज्यातून वाकून निघावं लागतं, त्यातून आउट.
'आणि सासरातून?' दिलशाद विचारते.
सगळी हसतात.
ती हसत नाही, लिहून घेते.

गेट, सेट, मूव्ह, पुल :
एकेकटी ही कुठंच पोचत नाहीत.
मागं एक बारकं पोर बसवावं लागतं,
जे स्कूटरवरून ओरडून सांगतं, डावीकडं, आता खाली, आता लांब.
सेट ऑफ म्हणजे डबा बांधून निघणे.
मूव्ह आउट म्हणजे भांडी पोत्यात भरून निघणे.
गेट अवे म्हणजे कुणाला न सांगता निघणे.
आपलं एकच, निघणे,
बाकीचं तोंडाकडं बघून ओळखायचं,
असं मी दर वर्षी म्हणते, आणि दर वर्षी पोरं हसतात.

ओमाण्णा मागच्या बाकावर.
कणकुंबीच्या रस्त्याला उतरून
जंगलातून दीड तास चाललं की त्याची वाडी यायची, तेरा घरं.
आधी घरांवर चुन्यानं नंबर पडले,
मग बँकेत पैसे पडले,
आता तो रेल्वे फाटकाजवळ पत्र्याच्या खोलीत राहतो
आणि बेळगावात फौंड्रीत रात्रपाळी करतो.
स्वतःचं एक वाक्य लिहून आणा, सांगितलं होतं.
त्यानं आणलंय :
माय व्हिलेज केम ऑफ मी.

लाल पेन टेकलं माझं.
कर्ता चुकला रे. गाव कुठं हलतं? माणूस हलतो.
आय लेफ्ट माय व्हिलेज, असं लिही.
'मी नाही वो सोडलं,' तो म्हणाला.
'मला सुटलं.'

खरंच की.
गाडी सुटते, गाठ सुटते,
सांजेला चोर्ल्याकडून वारा सुटतो,
चिंच बघून तोंडाला पाणी सुटतं,
आणि गाव
माणसाला सुटतं.
करणारा कुणीच नाही त्या वाक्यात.
चुन्याची बादली धरून उभा होता, तोही नाही.

'तुमच्यात काय म्हणतात?' मी महांतेशला विचारते.
'ऊरु बिट्टे,' तो म्हणतो. 'गाव सोडलं.
म्हणजे मीच सोडलं.' मग ओमाण्णाकडं बघतो,
आणि पेनाचं टोपण चावत बसतो.

केम ऑफ.
शर्टाचं बटण तुटलं तर साहेब तसं म्हणतो.
बटण जातं कुठंतरी गटारीत,
दोऱ्याची टोकं शर्टावर राहतात.
वाक्याखाली मी रेघ मारली नाही.
बरोबरची खूणही केली नाही.
नुसती तारीख घातली.

सात वाजले. जिन्यात चपलांचा गोंधळ.
'येतो, मॅडम.'
'होग बर्तेनरी.'
'जाके आतूं,' दिलशाद.
तिन्ही भाषांत जातो म्हणायची कुणाची छाती नाही,
आणि हे मी अजून कुठल्याच पाठात घेतलेलं नाही.
ओमाण्णाची एक चप्पल सापडत नव्हती.
सापडली, तेव्हा बाकीचे खाली उतरलेले.
तो काहीच न बोलता मान हलवून गेला.

फळा पुसला.
ऑफ लगेच गेलं.
आउट ओल्या कडेवर होतं, ते पसरलं.