गेटपेक्षा चार बोटं रुंद

गाडी पुरी झाली तेव्हा कळलं,
गेटपेक्षा ती चार बोटं रुंद आहे.

नऊ वर्षं लागली हे कळायला.
तेही मला नाही, मस्तानसाबला.
वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सारून त्यानं
सुताची दोरी आधी मडगार्डवर धरली, मग गेटवर,
आणि म्हणाला, "काय बे अंबादास,
बँकेत नोटा पण अशाच मोजत होतास काय?"

बार्शीच्या एका बंद जिनिंगमधून आणली होती.
छप्पन सालची डॉज,
म्हणजे डॉजचं नाव असलेला गंज.
बॉनेटखाली कोंबडी अंड्यांवर बसलेली.
मालक म्हणाला, कोंबडी सोडून सगळं तुमचं.
चेसी आडवी करून सहा हमालांनी आत घेतली,
केबिन भिंतीवरून.
दारं मी एसटीतून आणली, मांडीवर,
कंडक्टरनं दोन्हींना अर्धं तिकीट लावलं.
आणि मग मलाच रुंद टायरची हौस.
रुंद टायर, म्हणून रुंद मडगार्ड.
गेट बिचारं होतं तेवढंच राहिलं.

त्याआधी मोटारसायकली होत्या.
राजदूतच्या सांगाड्यात येझदीचं इंजिन,
टाकी वाळूच्या पिशवीवर पत्रा ठोकून केलेली,
लाकडी हातोड्यानं, रोज संध्याकाळी, शेजारी ओरडेपर्यंत.
उजवा गाल डाव्यापेक्षा फुगला.
गल्लीतली पोरं तिला दाढ म्हणायची.
रविवारी दारात उभी राहायची,
"काका, दाढ काढा की!"

मे महिन्यात इथं पाना हातात धरवत नाही.
बादलीत बुडवायचा, चार आटे फिरवायचे, परत बुडवायचा.
पाणी पाचव्या दिवशी.
नागमणी म्हणते, तुमच्या पान्याला रोज आंघोळ,
आणि माझी चादर आठवडा झाला भिजायची थांबलीय.
म्हणते, आणि बादली ठेवून जाते.

आप्पांचा माग भंगारात गेला
त्या दिवशी मी कॅशवर होतो, महिनाअखेर.
सुटल्यावर भंगारवाल्याकडे गेलो.
तोवर लोखंड लोखंडात मिसळलं होतं.
एक धोटा तेवढा वेगळा पडलेला,
दोन्ही टोकांना पितळ, मध्ये बोटांनी घासून गुळगुळीत.
दहा रुपये घेतले.
आप्पांचाच असेल असं नाही.
ह्या गावात धोट्यांना काय तोटा.
आता तो गियरच्या दांडीवर बसवलाय.
मागावर जन्मभर इकडून तिकडे धावला,
ह्या गाडीत पहिला, दुसरा, तिसरा
आणि हात जरा ओढून मागचा.
हाताला मात्र बरोबर बसतो.

तर गेट.
मस्तानसाब म्हणतो, मडगार्ड काप.
कापणार नाही.
खांब पाडावा, तर खांबावर विजेचा मीटर,
मीटर हलवायचा तर अर्ज,
आणि अर्जाचं काय होतं ते मी
काउंटरच्या आतून एकतीस वर्षं पाहिलंय.

तरी काल किल्ली फिरवली.
दोनदा खोकली. तिसऱ्यांदा
पत्र्यावरची कबुतरं उडाली, सगळी एकदम.
गल्ली आत आली. पोरं हौद्यात चढली,
चिलकांची म्हातारी सुद्धा चढली, कुणीतरी खालून ढकलून.
कुणी विचारलं नाही, गाडी कुठं जाणार.
नागमणी हात पुसत आली,
एसटीतून आलेलं दार उघडून बसली
आणि ओढून लावून घेतलं.
"चला."
"कुठं? गेट..."
"गेट उद्या बघू."

मी क्लच दाबला, धोटा पहिल्यात टाकला.
अंगण थरथरत होतं.
ती काचेशी झटत होती.
म्हणाली, "अहो, ही खाली होत नाही."

इंजिन बंद केलं. उतरलो.
बादली भरून द्या म्हटलं कुणालातरी.
काल पाण्याचा दिवस होता.