हॉर्नची तार

बावीस उन्हाळे तो तसाच उभा होता
वच्छलाबाईंच्या कोठ्यात, पऱ्हाटीच्या गंजीमागे.
पुढची चाकं मातीत रुतलेली,
सायलेन्सरच्या तोंडावर डालड्याचा डबा उपडा.
त्या डब्यानं इंजिन वाचवलं.
कोणी ठेवला होता, बाईंना आठवत नाही.

मेकॅनिकल गुणवंत मिस्त्रीचं, करंटचं माझं,
असं ठरवून आम्ही चैत्रात बसलो.
तो राकेलच्या घमेल्यात एकेक नट धुवायचा
आणि नाकाजवळ नेऊन बघायचा, चष्मा विसरलेला.
वॉटर पंपात वायसरच्या जागी
त्याला जोत्याचं कातडं सापडलं, गोल कापलेलं.
"कंपनीचं नाही," तो म्हणाला,
"पन पाहा, गळलं बी नाही."
नवं वायसर बसवलं. कातडं मात्र
त्यानं फेकलं नाही, खिशात घातलं.

माझ्याकडे तारांचं भेंडोळं.
लाल, पिवळी, काळी होती म्हणे एके काळी;
आता सगळ्या मातीच्या जातीच्या.
हात लावला की वरचं रबर
नागलीच्या पापडासारखं तुटायचं.
एकेक तार मी बोटानं चाचपत गेलो,
डायनमोपासून कटआउट, कटआउटपासून अ‍ॅमीटर,
आणि चिकटपट्टीवर नावं लिहून बांधत गेलो
जशा दवाखान्यात बाळांच्या मनगटाला.

डायनमो खोलला. कार्बन झिजून नखाएवढे.
तांब्याच्या पट्ट्या पॉलिश पेपरनं घासल्या,
मधल्या फटी हेक्सा ब्लेडच्या तुकड्यानं कोरल्या.
दुपारी कोठ्याचं टिन कडकड वाजे,
आणि मी दमलेल्या मशीनचे दात साफ करत बसे.

मग बॅटरी. इथे मी चुकलो असतो.
या जुन्या गाड्यांत उलटा कारभार:
प्लस बॉडीला, मायनस वर.
गुणवंत म्हणाला, "आमच्या सासुरवाडीवानी."
आणि इतके दिवस निजलेल्या डायनमोला
दिशासुद्धा नव्यानं सांगावी लागते:
एका तारेचा नुसता स्पर्श,
एक निळी ठिणगी, झालं.
तेवढ्यावर त्याला सगळं आठवतं.

स्टिअरिंगखालचं हॉर्नचं बटन शेवटी घेतलं.
तार सुटी होती. तिचं टोक
पिवळंधमक, कुठल्याच स्क्रूनं न चावलेलं.
ही तुटली नव्हती.
ही कधी जोडलीच नव्हती.

वच्छलाबाई ताकाचा गंज घेऊन आल्या, हसल्या.
"अरे, त्याले भोंगाच नोयता.
बाबा बटन दाबे अन् तोंडानं पोंऽ करे.
शाळेपाशी आला का आमी पोट्टे रस्ता सोडो.
मले लगीन होईलोक मालूम नोयतं
का तो बटनाचा आवाज नोय."

मी कारंज्याहून आणलेला भोंगा
खोक्यासकट बाजूला ठेवला.
"काहून? लाव ना," त्या म्हणाल्या,
"आता तोंडानं कोन करनार हाय?"

लावला.
खरं सांगतो, स्क्रू आवळताना हात जड झाला होता.
ते कोरं टोक घासायचीही गरज नव्हती.

सांजेला ग्लो प्लग तापवला, वीस मोजले, सेल्फ मारला.
पहिल्यांदा नुसता खोकला.
दुसऱ्यांदा काळा धूर, गंजीवरच्या चिमण्या भर्रकन उडाल्या.
तिसऱ्यांदा कोठ्याची जमीन तळपायाखाली थरथरली
आणि गुणवंत काहीतरी ओरडला, ऐकू आलं नाही.

मी अ‍ॅमीटर बघत होतो.
काटा मायनसकडे झुकलेला.
दोन तारा उलट्या लावल्या होत्या मी, शहाण्यानं.
इंजिन बंद करून बदलल्या, पुन्हा लावलं;
काटा आळस देत प्लसकडे गेला
आणि तिथेच थोडा थोडा हलत राहिला.

वच्छलाबाईंनी बटनावर अंगठा ठेवला.
भोंगा वाजायच्या आधीच
त्यांच्या तोंडून पोंऽ निघून गेलं.