उतरण

रहेमत मिस्त्रीनं टायर अंगठ्यानं दाबून पाहिलं,
व्हॉल्व्हात काडी घातली, फुस्स.
"डांबरावर कडक चालते, मॅडम.
मुरमावर जायचं तं थोडं ढिलं राहा लागते."

पहाटे साडेपाच, कालव्याची पाळ.
माझी सायकल जाड चाकांची, हप्त्यावर घेतलेली,
बँकेत सगळे हसले तीच.
रामकलीची जुनी काळी,
लशीचा डबा बांधायचं कॅरिअर अजून तसंच,
रबरी पट्टा रिकामाच आवळलेला.

आधी पानमळे.
शेवरी, पांगारा, हादगा, आणि त्यांच्या अंगाखांद्यावर वेली.
आत उजाडायला उशीर होतो,
रस्त्यालाही ओल्या पानाचा तिखट वास.
इथेच बाबा बोटात पत्र्याची नखी घालून
पानं खुडायचे, खट, खट,
आणि दरसाल वेल खाली घ्यायचे :
एकेक बंध सोडवत, वेटोळं करून
बुंध्याशी मातीत पुरायचं,
शेंडा तेवढा बाहेर.
"उतरण म्हणतात," मी सांगते धापा टाकत,
"नाही केली तर वेल म्हातारी होते."
रामकली काही बोलत नाही.
तिची चेन कुरकुरते.

मग संत्री. अंबियाचा तोडा चालू,
ट्रॅक्टरखाली चेपलेली फळं,
मधमाश्यांच्या आधी आमची चाकं त्यांवरून.
एक पोरगं कुंपणातून ओरडलं,
"ओ बाई, कुठं निघाल्या रिकाम्याच?"
खरंच, कुठे?
गिट्टीचा ढीग, त्यावर निजलेलं कुत्रं,
पुढे डांबर संपलं, लाल मुरूम सुरू.

मुरमाला भाषा आहे.
बारीक असला की पोळीवरच्या पिठासारखा सरकतो,
जाड असला की मनगटात बोलतो, कोपरात, दाढेत.
हँडल घट्ट धरलं की पडतो आपण.
हे मला दुसऱ्या चढावर कळलं, गुडघा सोलून.
रामकलीनं एकदांडीचा पाला चोळून लावला,
"सायकलले माहीत असते रस्ता. तू आडवी येऊ नको."

सागाची पानं ताटाएवढी, वाळून
चाकाखाली पापडासारखी मोडत होती.
धावडा पांढरा. रानकोंबडा एकदा, दोनदा.
वळणावर एक मैलाचा दगड :
गावाचं नाव चुन्यानं पुसलेलं,
आकडा राहिलाय. ४.

आणि तिथेच लोखंडी दांडा, आडवा.
फाटकावरचा पोरगा खुर्चीतून उठला,
धांडे, नवा गार्ड, गणवेश अजून कडक.
"सायकल जात नाही आत, सिस्टर. जिप्सी बुक करा लागते."
"तुले पोलिओ म्या पाजला," रामकली म्हणाली.
तो ओशाळला. दांडा तसाच.
त्यानं पाणी दिलं, स्टीलच्या गडव्यातून,
दोन हातांनी.

तिथून दिसत काहीच नव्हतं.
तरी ती बोट दाखवत राहिली :
ते वळण, मग नाला, नाल्यापल्याड मोहाची तीन झाडं,
तिसरं आमचं.
हापसा होता. बापानं पाळलेला मोर
शाळेच्या छपरावर बसायचा.
आता तिथं गवत लावलंय, हरणांसाठी.
चांगलं येते म्हणतात.

मी गुडघ्यावरचा पाला नीट करत राहिले.

उतारावर पेडल मारायचं नसतं,
फक्त ब्रेकवर दोन बोटं.
अर्ध्या घाटात ती बाजूला आली,
वाऱ्यात ऐकू यावं म्हणून जरा मोठ्यानं,
"तुह्या बाबाच्या वेलीसारखं. आमाले बी उतरवलं."
आणि थोडं पुढे गेल्यावर,
मागे न पाहता,
"शेंडा कोनता ठेवला बाहेर, ते नाही समजलं."

पायथ्याशी तिची वसाहत.
काटकोनात गल्ल्या, दारांवर प्लॉटचे आकडे,
एका अंगणात मोहाचं रोप,
भोवती तुराट्यांचं कुंपण, बकऱ्यांमुळे.
ती उतरली. माझा पंप मागून घेतला,
आधी माझ्या चाकात हवा भरली, मग स्वतःच्या,
अंगठ्यानं दाबून पाहिलं,
मिस्त्रीसारखंच.

"इथून डांबर आहे," ती म्हणाली.