गळाची दोरी

नर्स लावेनियाने पिशवीतून काढला
बोटभर नायलॉनचा धागा, प्लास्टिकच्या मुठीत रोवलेला,
आणि माआफू हसलाच:
"ही तर माझी दोरी! बारीक मासळीची."

चाळीस वर्षं अशाच दोऱ्या चिमटीत धरून
त्याने रात्री होडीत काढल्या.
कोणता मासा टोचतोय, कोणता नुसता हुंगतोय
ते बोटं सांगायची.
ओहोटीला खडकावर उतरला की तळपाय सांगायचे,
इथे शेवाळ, इथे धार, इथे पाऊल टाकू नकोस.
कंदील कधी नेला नाही त्याने.

"डोळे मिटा. धागा लागला की हो म्हणा."

अंगठ्याखाली धागा टेकला, वाकला.
माआफू गप्प.
करंगळीच्या मुळाशी. गप्प.
मग त्याला जाणवलं असावं
की खोलीत जरा जास्तच शांतता आहे.
हो, म्हणाला तो.
हो. हो.
रविवारी देवळात आमेन म्हणतो, तशा सुरात.
लावेनियाने धागा हवेतच धरला होता.

मी बाहेर बघितलं.
दाराशी त्याच्या धाकट्या भावाचा उजवा बूट आहे.
भाऊ नुकुआलोफाच्या इस्पितळातून आला
तो एका पायाने, बूट राहिला;
कोंबडी त्यात अंडं घालते.
एक फोड होता म्हणे. वाटाण्याएवढा.
दुखत नव्हता म्हणून कुणी बघितला नाही.

कार्डावर लिहिलं: उजवा, दहापैकी तीन. डावा, चार.
नाडी लागते. टाचेला भेगा. घट्टा, तासायला हवा.
तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात.
याची घोट्यापाशीच विझते.

तेव्हापासून संध्याकाळी, दिवे लागले की,
त्याचा पाय माझ्या मांडीवर.
मोडक्या मोटरसायकलचा आरसा खालून धरते.
बोटांच्या बेचक्या कोरड्या करते, चौथी आणि पाचवी शेवटी,
तिथे मला आवडत नाही.
मग उलटा हात फिरवते, आधी हा पाय, मग तो,
जसा तापलेल्या लेकराच्या कपाळावर.
सुरुवातीला तो पाय ओढून घ्यायचा.
म्हातारा झालोय, मेलो नाही, म्हणायचा.

ऑकलंडहून मुलीने बूट पाठवले, काळे, चकचकीत.
आमच्या माणसांचे पाय रुंद,
हे ती तिकडे जाऊन विसरली.
ते घालून तो एका रविवारी तीन स्तोत्रं उभा राहिला,
लांबलचक प्रवचन ऐकलं,
चालत घरी आला.
बूट उलटा केला तर टप्पकन पडला
शिशाचा गोळा, त्याच्याच डबीतला,
नातवाने खेळताना टाकलेला.
मोज्यावर रक्त नव्हतं.
आरशात मात्र नाण्याएवढी लाली,
आणि उलट्या हाताला ऊब.

तीन दिवस मी त्याला चटईवरून उठू दिलं नाही.
कावाच्या बैठकीला लोक घरी आले,
त्यांच्यापुढे पाय उशीवर ठेवून बसला, चिडून.
लावेनिया होडीने आली, बोट दाबून बघितलं,
म्हणाली, वेळेवर दिसलं.
मला वाटलं आता काहीतरी म्हणेल माआफू.
तो गोळा तळहातावर घेऊन
वजन करत राहिला.

बूट आता कोंबडीकडे आहेत. दोन्ही.

काल त्याने स्वतःच दोरीचा तुकडा कापून दिला.
याने तपासणी होत नाही, मी म्हटलं,
लावेनियाचा धागा मोजलेला असतो.
"असू दे. लाव."
डोळे मिटून बसला, मान थोडी कलती,
होडीत बसायचा तसा.
अंगठा. नाही, म्हणाला.
करंगळी. नाही.
चवडा. नाही. नाही.
आता खोटं बोलत नाही तो.
बाहेर भरती लागली होती, कुत्री गप्प झाली होती.
पोटरीकडे वळणाऱ्या कडेवर, अगदी हलकेच, टेकवली.

"थांब," तो म्हणाला.
"कुणीतरी आहे."