कुंभारणीचं घर

सर म्हणाले, ठिणगी नाही.
मी म्हणालो, बघू.
माणूस आधी ठिणगीवरच संशय घेतो.

नळेगाव रोडला तुरी काढून मोकळं झालेलं रान.
खुट बुटाला टोचत होते,
मधला पट्टा सरांनी स्वतः फावड्यानं साफ केलेला,
शंभर पावलांची धावपट्टी.
सतरंजीवर पिवळ्या पंखांचं विमान उताणं,
दवाखान्यात आणलेल्या वासरासारखं.

मी फवारणीचे पंप दुरुस्त करतो, उदगीरला, चौबाऱ्यापाशी.
विमानातलं मला काही कळत नाही.
पण टू-स्ट्रोक इंजिन कळतं.
त्याला हवं तरी काय? हवा, पेट्रोल, आग,
आणि तिघांची वेळ जुळणं.
लग्नं याहून कमी भांडवलावर लागतात.

आधी स्विच विचारला.
गंगासागरे सरांनी तीस वर्षं पॉलिटेक्निकला शिकवलं,
त्यांना राग आला,
पण बोट लावून बघितलंच. चालू होता.
प्लग काढला. कोरडा.
टोपणात घालून इंजिनाला टेकवला, पंखा फिरवला :
चट्. निळी, टचटचीत.
"ठिणगी तर आहे, सर."
सर काही बोलले नाहीत.
आठवडाभर बिचारीवर आळ घेतला होता त्यांनी.

मग दाब. पंखा रेटला
तर तो उलटा बोटाला ढकलतो,
शाळेला निघताना उंबऱ्यात पाय रोवलेल्या लेकरासारखा.
दाब आहे.
कार्बोरेटरच्या तोंडात दोन थेंब पाजले,
कातडी हातमोजा चढवून टोला दिला.
फट् फट् फट् आणि गप्प.
पुन्हा दोन थेंब. पुन्हा तेवढंच.
पाजलं की पितं,
स्वतःच्या हातानं घेत नाही.

बांधावर हरभऱ्याचे घाटे सोलत बसलेला दिगू म्हणाला,
"काका, त्याला वर जायाचंच न्हाई."
"गप रे," सर.
मी सुई उघडली, अर्धा आटा, एक आटा, परत जिथल्या तिथं.
पडदा काढून उन्हात धरला. मऊ, कुठं भोक नाही.
जाळी धुतली.
पेट्रोलात तेल किती, विचारलं.
चाळीसाला एक. बरोबर.
सगळंच बरोबर होतं,
आणि माझ्या तर्जनीचं नख काळं पडलं होतं.

शेवटी टाकीची नळी सोडवून तोंडानं ओढली.
पेट्रोल आलं नाही,
उलट टाकीच माझा ओठ आत ओढू लागली.
"ही हवा कुठून घेते, सर?"
त्यांनी पोटाखालची बारकी पितळी नळी दाखवली.
तिच्या तोंडाशी माती.
या रानातली नव्हे. घोटलेली, लिंपलेली,
जबड्यानं दाबून बसवलेली माती.

सरांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हापासून
विमान माडीवर खुंटीला टांगलेलं,
खिडकी उघडी.
कुंभारणीला एवढंच लागतं.

तारेनं टोकरलं. आधी मातीचा बूच,
मग चार-पाच कोळी, तांदळाच्या कणीएवढे,
मेलेले नव्हेत, जिवंतही नव्हेत,
आणि त्यांच्या मागं एक पिवळट अळी,
आईनं भरून ठेवलेल्या कोठीत झोपलेली.
सरांनी ती तळहातावर घेतली.
नव्या डोळ्यानं जवळून बघत राहिले.
"हिला पंख फुटायचे होते," म्हणाले.

मी काय बोलणार?
नळी फुंकून साफ केली.
त्यांनी काड्यापेटी रिकामी करून अळी आत ठेवली,
कोळ्यांसकट.
अशी जगते का, मला माहीत नाही.
पंपाचं असतं तर सांगितलं असतं.

तिसऱ्या टोल्याला इंजिन लागलं.
निळा धूर सतरंजीवरून सरपटत बांधाकडं गेला,
दिगूच्या ओट्यातले घाटे सांडले,
विमान असं थरथरायला लागलं
की मी दोन्ही हातांनी शेपूट धरून बसलो.
"उडवा की, सर!" मी ओरडलो.
"थांब. तापू दे जरा."
एक हात रिमोटवर.
दुसरा, पंख्याचा वारा लागू नये म्हणून,
सदऱ्याच्या खिशावर.